डॉक्टर, दावा आणि आर्थर रोड

परळच्या एखाद्या इस्पितळात रुग्ण दगावला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. नातेवाईक म्हणतात, ‘डॉक्टरला आत टाकू.’ डॉक्टर आपसात म्हणतात, ‘असल्या सीरियस केसेस घ्यायच्याच नाहीत, उद्या बेड्या पडायच्या.’ एक धमकी आणि एक धास्ती, पण दोन्हींच्या मुळाशी समज एकच: उपचार फसले म्हणजे गुन्हा झाला. कायदा असं मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच सांगितलं की, फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढळढळीत हवा. निदान चुकणं किंवा दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडणं पुरेसं नाही. पोलिसांनी आधी तटस्थ, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यायचं आणि ऊठसूट अटक करायची नाही, असंही बजावलं. उलट, नव्या न्याय संहितेने डॉक्टरांना सूट दिली, हा समजही तितकाच खोटा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या कलम 106 मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्या इतरांना 5 वर्षांपर्यंत कैद आहे, तर नोंदणीकृत डॉक्टरला 2 वर्षांपर्यंत आणि दंड. जुन्या कलमात नुसत्या दंडावर सुटका होऊ शकत होती. नव्यात कैद ‘आणि’ दंड असे शब्द आहेत. याला सूट म्हणायचं तर म्हणावं!

मग डॉक्टरांना भीती कशाची असावी? माझ्या मते तुरुंगाची कमी आणि काळाची जास्त. मरीन लाइन्सच्या बॉम्बे हॉस्पिटलमधलं कर्करोगतज्ज्ञ डॉ. प्रफुल्ल देसाई यांचं प्रकरण पाहा. 1987 मध्ये एका रुग्णेचं पोट उघडलं आणि शस्त्रक्रिया शक्य नाही असं दिसल्यावर ते तसंच बंद करावं लागलं. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया नको असं आधी सांगितलेलं होतं. त्यांची साक्ष व्हिडिओद्वारे घ्यावी की नाही, एवढाच मुद्दा 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2011 मध्ये दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरवून न्यायालय उठेपर्यंतची कैद सुनावली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. डॉक्टर कर्तव्यात कमी पडले, पण तो गुन्हा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने मात्र त्यांना ताकीद दिली होती. कृती एकच, पण गुन्हा वेगळा, व्यावसायिक गैरवर्तन वेगळं आणि भरपाई आणखी वेगळी. कौन्सिलचं कार्यालय आर्थर रोड नाक्यावर, तुरुंग आहे त्याच साने गुरुजी मार्गावर आहे. पण ती कोणाला तुरुंगात धाडू शकत नाही आणि कोणाला भरपाईही देऊ शकत नाही. तिच्या हातात आहे ती नोंदणी.

भरपाईचा रस्ता ग्राहक आयोगाचा. दक्षिण आणि मध्य मुंबईचे ग्राहक मंच परळच्याच पुरवठा भवनात वर्षानुवर्षे बसत आले. त्याच बॉम्बे हॉस्पिटलमध्ये 1998 साली महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर एक रुग्ण गँगरीन होऊन दगावला. तपासणीचं यंत्र बंद होतं, ऑपरेशन थिएटर रिकामं नव्हतं, शल्यचिकित्सक परदेशी गेले होते. राष्ट्रीय आयोगाने 14 लाख 18 हजार 491 रुपयांची भरपाई ठरवली. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. यंत्र बिघडतं, थिएटरमध्ये दुसरा रुग्ण असतो, आणि डॉक्टर चोवीस तास खाटेशी बसेल अशी अपेक्षा चुकीची, असं न्यायालय म्हणालं. निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला, पण 23 वर्षांनी.

यावर आक्षेप ठरलेला: मग कायदा डॉक्टरांनाच पाठीशी घालतो का? नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात 1963 मध्ये कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत पोटात कापडाचा बोळा राहिला आणि बाई दगावली. उच्च न्यायालयात हरलेल्या कुटुंबाला 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 36 हजारांची भरपाई परत मिळवून दिली आणि शासनाला जबाबदार धरलं. बोळा पोटात आपोआप जात नाही. तिथे तज्ज्ञाची साक्ष लागत नाही. फुकट उपचार घेणाऱ्याला दाद नाही, हा समजही याच प्रकरणाने मोडतो. सगळ्यांना मोफत सेवा देणारं रुग्णालय केसपेपरचे नाममात्र पैसे घेत असलं तरी ग्राहक कायद्यात येत नाही, पण दिवाणी दावा तिथेही चालतो. आणि काहींकडून पैसे घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयातला मोफत खाटेवरचा रुग्णही ग्राहकच, असं न्यायालयाने 1995 मध्ये ठरवलं आहे.

डॉक्टरांचा सर्वांत महाग गैरसमज संमतिपत्राचा. ‘सही घेतली, सुटलो’ असं होत नाही. सही धोका समजल्याची असते, निष्काळजीपणा माफ केल्याची नसते. न्यायालयात टिकतात त्या वेळेसकट केलेल्या नोंदी: कोणी पाहिलं, किती वाजता, कोणाला कळवलं. आंतररुग्णाचे कागद 3 वर्षं जपणं आणि मागितल्यावर 72 तासांत देणं 2002 च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते न देणाऱ्या इस्पितळाचा बचाव तिथेच लंगडा पडतो. नातेवाइकांनीही काचा फोडण्याऐवजी याच कागदांची लेखी मागणी करावी. राज्याच्या 2010 च्या कायद्याने डॉक्टरवरचा हल्ला अजामीनपात्र आहे, आणि ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची.