९६ टक्के, पण कशाचे?

सूर्यप्रकाशाने पाणी फोडून हायड्रोजन मिळवण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘जपानमध्ये ९६ टक्के कार्यक्षमता गाठली, आता गच्चीवर टाकी ठेवली की झालं.’ आकडा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि शिकलीसवरलेली माणसंही तो बिनधास्त पुढे ढकलतात याचा आता वैताग येतो.

हा आकडा २०२० साली काझुनारी दोमेन यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. अॅल्युमिनियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या बारीक स्फटिकांवर ३५० ते ३६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाडला, तेव्हा १०० फोटॉनांपैकी सुमारे ९६ कामी आले. पण हा प्रकाश अतिनील आहे. जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४-५ टक्के, आणि बाकीचं ऊन या पदार्थाच्या काहीच उपयोगाचं नाही. गणितात ९६ गुण पडले म्हणून दहावीचा निकाल ९६ टक्के लागत नाही.

विचारायचं ते असं: पडलेल्या एकूण उन्हातली किती ऊर्जा हायड्रोजनमध्ये उतरली? याचं उत्तर त्याच गटाने १०० चौरस मीटरवर मोजून दिलं आहे. २५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या १६०० चपट्या पेट्या, आत उत्प्रेरकाचा थर, वर काच आणि दोहोंमध्ये पाण्याला ०.१ मिलिमीटरची फट. २०२१ साली निकाल छापून आला: जास्तीत जास्त ०.७६ टक्के.

हिशेब करून पाहा. भर दुपारी चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट ऊन मिळतं. १०० किलोवॅटमधले ७६० वॅट हायड्रोजनमध्ये गेले, म्हणजे तासाला सुमारे २३ ग्रॅम. असं कडक ऊन रोज पाच तास धरलं तरी एका किलोला आठ-नऊ दिवस लागतात. तेवढ्याच जागेत २० टक्के कार्यक्षमतेची नेहमीची सौर पॅनेल लावून त्या विजेवर इलेक्ट्रोलायझर चालवला, तर रोज पावणेदोन किलोच्या आसपास हायड्रोजन मिळतो.

म्हणून ते संशोधन फुकट गेलं का? मुळीच नाही! प्रकाशाने सुटा झालेला इलेक्ट्रॉन आपल्या रिकाम्या जागेत परत पडला की ऊर्जा वाया जाते. स्फटिकाच्या एका पैलूवर रोडियमचे आणि दुसऱ्यावर कोबाल्टचे कण बसवून ही गळती जवळजवळ थांबवता येते, हे त्या ९६ टक्क्यांनी दाखवलं. आता तेच दृश्य प्रकाश शोषणाऱ्या पदार्थात जमवायचं, आणि इथेच घोडं पेंड खातं. कॅडमियम सल्फाइडसारखा पदार्थ प्रकाश छान शोषतो, पण पाण्यात तो स्वतःच झिजत जातो. मिशिगन विद्यापीठातल्या गटाने २०२३ मध्ये ९.२ टक्के गाठले, तेही एकवटलेल्या प्रकाशात आणि ७० अंश सेल्सिअसला. उघड्यावर, एकवटलेल्या उन्हात, ते ६.२ भरले.

दुसरा घोळ शोधनिबंधांच्या मथळ्यांत असतो. ‘ग्रॅममागे तासाला इतके मिलिमोल’ वाचलं की आधी पाण्यात काय मिसळलंय ते बघा. बऱ्याचदा मिथेनॉल किंवा सोडियम सल्फाइड असतं. ते खर्ची पडतं आणि ऑक्सिजन निघतच नाही. उत्प्रेरक पारखायला हा प्रयोग ठीक आहे, पण याला पाण्याचं विघटन म्हणू नये.

‘पाणी हेच इंधन’ हेही चूक: ऊर्जा उन्हाची असते, हायड्रोजन जळाला की पुन्हा पाणीच. हे तंत्र कालपरवाचंही नाही. फुजिशिमा आणि होंडा यांचा टायटॅनियम डायऑक्साइडवरचा निबंध १९७२चा आहे. आणि कण जितका लहान तितका चांगला, असंही नसतं. फार लहान कणाला जास्त ऊर्जेचा फोटॉन लागतो.

राहिली घरच्या बाटलीत पावडर टाकून गॅस साठवण्याची कल्पना. ती कृपा करून सोडून द्या. अशा पावडरीवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच निघतात आणि ते मिश्रण स्फोटक असतं. जपानच्या त्या प्रकल्पात हायड्रोजन वेगळा काढायला पॉलिइमाइडचं पटल बसवलं होतं, आणि यंत्रणा सुरक्षित आहे का हे पाहायला ते मिश्रण मुद्दाम पेटवून तपासलं होतं.