चमच्यामागची मिनर्व्हा

मे महिन्यात पेपर तपासणीचे काम संपले आणि मी उज्जैनला मामांकडे गेले. आई गेल्यापासून तिकडे जाणे कमीच झाले होते. बेळगावहून उज्जैन म्हणजे गाडी बदलून दीड दिवसाचा प्रवास. पण या वेळी मामांनी मुद्दाम फोन केला होता. "वाटण्या करतोय. तू इतिहासाची. तू समोर अस."

उज्जैनची जुनी मराठी घरे शिंदेशाहीतली. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये मुक्काम ग्वाल्हेरला हलवला, त्याआधी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. मामांचे पूर्वज महादजींच्या कवायती कंपूच्या हिशेबावर होते, असे घरात सांगतात. हा कंपू उभा करणारा डी बॉईन १७८४ मध्ये महादजींच्या चाकरीत आला आणि १७९६ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. पगाराचा हिशेब पै-पैशाने चुकता केला म्हणून या साहेबाने खूश होऊन आमच्या पूर्वजाला चांदीचे सहा चमचे आणि सहा काटे दिले, अशी घरची कथा. पुढे जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. तेव्हा लुटीच्या भीतीने हे सगळे फडक्यात बांधून परसातल्या विहिरीत सोडले आणि नंतर काढले, असा कथेचा उत्तरार्ध. ती विहीर अजून आहे. लहानपणी सुटीत गेलो की मामा आम्हा सगळ्या भावंडांना कठड्यापाशी उभे करून ही गोष्ट सांगत. मला इतिहासाची गोडी लागली ती बहुधा तिथेच.

वाटणी मामांनी मनात ठरवून ठेवली होती. चमचे दादाला, काटे ताईला. वजन दोन्हींचे जवळजवळ सारखेच. पण त्याआधी सराफाला दाखवू म्हणून आम्ही दोघे निघालो. वाटेत गोपाळ मंदिर लागते. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे यांनी बांधलेले. त्याचे चांदीचे दरवाजे सोमनाथहून गझनीला गेले, तिथून लाहोरला आले आणि महादजींनी ते परत आणले, असे उज्जैनमध्ये कोणीही सांगेल. मामांनीही सांगितले. मी ऐकून घेतले.

सराफाने काट्याच्या दांड्याची मागची बाजू भिंगाखाली धरली आणि म्हणाला, "चौरासी टंच. लिखा हुआ है." खरेच तिथे ८४ हा आकडा होता. चमच्यांवर आकडा दिसेना, म्हणून ते ऐंशीचे धरू म्हणाला. मात्र एखादा काटा कापून पाहिल्याशिवाय पक्का भाव सांगणार नाही, हेही त्याने स्पष्ट केले. मामा कापायला तयार होईनात. घरी येताना ते खुशीत होते. ताईच्या मुलाला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, काटे विकून पहिल्या वर्षाची फी भरायची असा तिचा बेत होता. "बघ, पोरीला चांगला वाटा गेला," मामा म्हणाले.

चांदीचे शिक्के हा माझा विषय नव्हे. पण आमच्या वर्गात हुपरीची मुले असतात, त्यांच्या तोंडून टंच, घट, मोड हे शब्द ऐकून ऐकून कान तयार झालेले. आणि फ्रेंच चांदीवरच्या शिक्क्यांचे तक्ते आता मोबाईलवरही मिळतात. रात्री मामांचे पंचांग वाचायचे भिंग घेऊन मी जेवणाच्या टेबलावर बसले.

आपल्याकडे चांदीला सरकारी हॉलमार्क मिळू लागला तो २००५ पासून. फ्रान्समध्ये ही शिस्त कित्येक शतकांची. राज्यक्रांतीपूर्वीच्या भांड्यावर साधारण चार शिक्के सापडतात. कारागिराचा, त्याच्या व्यवसाय-संघाचा, आणि कर आकारल्याचा व भरल्याचा असे दोन. पॅरिसच्या संघाचे अक्षर दर वर्षी बदले, म्हणून तिथल्या मालाचे सालच कळते. क्रांतीत संघ मोडले आणि १७९७ च्या कायद्याने नवी पद्धत आली. कारागिराची आद्याक्षरे आणि एक छोटी खूण शंकरपाळ्याच्या आकारात. शुद्धतेची हमी देणारा सरकारी शिक्का वेगळा. हा शिक्का आधी कोंबड्याचा होता, १८१९ पासून म्हाताऱ्याच्या डोक्याचा, आणि १० मे १८३८ पासून शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचा. तिच्या कपाळासमोर १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, हनुवटीखाली २ असेल तर ८००. लहानसहान वस्तूंवर मिनर्व्हाऐवजी खेकडा किंवा रानडुकराचे डोके. परदेशातून आत आलेल्या चांदीवर १८९३ नंतर हंस. परदेशी पाठवायच्या मालावर मर्क्युरीचे डोके. शिवाय शिक्का मारताना वस्तू ज्या ऐरणीवर ठेवत तिच्यावरही किड्यांची बारीक नक्षी कोरलेली असे, त्यामुळे शिक्क्याच्या बरोबर मागच्या बाजूला तिचा ठसा उमटतो. नकली शिक्का मारणाऱ्याची इथे पंचाईत व्हायची!

चमच्यावर सहापैकी चार ठिकाणी शिक्का झिजून गेला होता. पाचव्यावर एक डोके स्पष्ट होते, शिरस्त्राणाची कड दिसत होती, आठ बाजूंची चौकट दिसत होती. कपाळासमोर १. मिनर्व्हा. उलट बाजूला भिंग नेले तर किड्यांचे पाय.

म्हणजे चमचे ऐंशीचे नव्हते, पंचाण्णवचे होते. आणि ते १८३८ च्या आधीचे असूच शकत नव्हते. डी बॉईन १८३० मध्ये आपल्या गावी, शांबेरीला वारला होता. शिवाय तो सव्हॉयचा. त्याच्या तरुणपणी तो प्रांत फ्रान्समध्ये नव्हताच. मर्क्युरी नाही म्हणजे हा माल हिंदुस्थानात पाठवण्यासाठी केलेलाही नसावा, कोणाच्या तरी सामानातून आला असावा. कारागिराचा शंकरपाळा पुसटलेला, त्यामुळे याहून नेमके साल सांगता येईना. मिनर्व्हा खूप वर्षे चालली. दांड्यामागे गुंफलेली दोन अक्षरे होती. कोरणाऱ्याची चूक म्हणून मामा त्यावर नेहमी हसत. पण फ्रेंच लोक टेबलावर चमचे-काटे पालथे मांडत, म्हणून नावाची अक्षरे मागेच कोरत. त्या अक्षरांत 'बी' नव्हता.

काट्यांवर मिनर्व्हा नव्हतीच. शंकरपाळाही नव्हता. चौकोनी शिक्का, त्यात तराजू आणि 'सी सी' ही अक्षरे, शेजारी पूर्ण नाव: क्रिस्तोफ्ल. मामा आजवर ते कुणा ख्रिस्तोफर साहेबाचे नाव समजत होते. फ्रान्समध्ये चौकोनी शिक्का म्हणजे मुलामा. या पॅरिसच्या कंपनीने १८४२ मध्ये विजेने चांदी चढवण्याचे हक्क घेतले आणि नाव काढले. बहावलपूरच्या नवाबासाठी १८८२ मध्ये चांदीचा पलंग केला तो त्यांनीच. ८४ हा आकडा टंच नव्हे. चमचा आणि काटा अशा डझनभर जोड्यांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे ताईच्या सहा काट्यांवर सगळी मिळून २१ ग्रॅम, तीही काटे नवे होते तेव्हा. दात्यांच्या टोकांना पिवळट रंग दिसत होता, तो आता मला वेगळाच दिसू लागला.

झोप लागली नाही. वाटणी झाली की काय सांगायचे? न सांगावे तर ताईचे नुकसान. सांगावे तर मामांची विहीर जाते.

सकाळी मामा एकटे चहा घेत बसले होते, तेव्हा सांगितले. आधी काट्यांचे. ते त्यांनी लगेच ओळखले, भिंग हातात घेऊन पिवळे टोक स्वतः पाहिले. "बरं झालं कापला नाही. सराफासमोर शोभा झाली असती." मग चमच्यांचे सांगितले. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"अडतीस म्हणजे अठराशे अडतीसच?"

"हो मामा."

"डी बॉईन तेव्हा..."

"आठ वर्षं झाली होती जाऊन. शांबेरीत त्याच्या नावाचं हत्तींचं कारंजं आहे, ते मात्र १८३८ चंच."

"म्हणजे साल तरी जुळलं," मामा म्हणाले आणि कप घेऊन आत गेले.

दुपारी त्यांनी दादा आणि ताईला समोर बसवले. तीन चमचे, तीन काटे याला. तीन चमचे, तीन काटे तिला. कारण स्वतःच सांगितले, माझे नाव मध्ये आणले नाही. ताईचा चेहरा उतरला. दादा म्हणाला, "फीचं आपण बघू, तू चमचे विकू नकोस." ती लगेच हो म्हणाली नाही.

मामींनी मला एवढेच विचारले की, मग घासायचे कशाने. घरोघरी विचारला जाणारा प्रश्न, म्हणून इथेही लिहिते. रांगोळी, राख, दंतमंजन यांनी घासू नका. चार चमच्यांवरचा शिक्का गेला तो याच घासण्याने. कोमट पाणी, साबणाचा फेस आणि मऊ फडके पुरते. काळपटपणा राहिला तर राहू द्या, शिक्क्याच्या खाचेतला काळेपणा तर मुळीच काढू नका, वाचायला त्याचाच उपयोग होतो. मुलाम्याच्या वस्तूला प्रत्येक घासणीत थोडी चांदी जाते, तिथे जास्तच जपा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईचा मुलगा विहिरीच्या कठड्यावर बसला होता. त्याने विचारले, "आजोबा, मग विहिरीत काय टाकलं होतं?"

मामा म्हणाले, "काहीतरी टाकलं होतंच."