श्रद्धा राहिली, राई गेली

देवराया का तुटल्या, असं विचारलं की आपण एक तयार उत्तर देतो: लोकांची श्रद्धा कमी झाली. हे उत्तर आज जरा तपासून बघू या.

माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. तेव्हा पुष्कळ ठिकाणी देव म्हणजे उघड्यावरचा तांदळा. त्याला छप्पर चालत नाही, असंच गाव सांगायचं. राईतली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक. म्हणजे देव अमुक एका जागी नव्हता, सगळी राईच त्याची होती.

पुढे काय झालं? मुंबईकरांनी वर्गणी पाठवली, जीर्णोद्धार निघाला. सभामंडप आला, फरशी आली. पैसे कमी पडले तिथे राईतलीच झाडं विकली, तीही देवाचा कौल घेऊन! आता बघा, यात श्रद्धा कुठे कमी झाली? उलट वाढली. फक्त ती रानातून निघून देवळात गेली. पाप केल्याची बोचणी कुणालाच नाही, कारण देवाचंच देवाला दिलं.

म्हणून ‘लोकांमध्ये जंगलाविषयी प्रेम जागवा’ या उपायाची आम्हाला शंका येते. इथे विचारलं, जंगल वाचावं असं कुणाकुणाला वाटतं, तर सगळे हात वर होतील. आमचाही होईल. त्या हाताला खर्च काय? सरपण आपल्याला सोडायचं नाहीये.

मग देवाच्या धाकाशिवाय दंडक टिकतो का? गडचिरोलीतलं मेंढा-लेखा घ्या. वन हक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबू विकण्याचा अधिकारही आला. काय तोडायचं, किती तोडायचं, हे ग्रामसभा ठरवते, आणि तेही सर्वांच्या सहमतीनं.

तुम्ही म्हणाल, राई विकायचं गावानंच ठरवलं होतं ना? बरोबर आहे, आणि आक्षेप खरा आहे. पण तिथे ‘गाव’ म्हणजे कोण, ते बघा. मेंढ्याच्या ग्रामसभेत बाया-पुरुष दोघंही बसतात, आणि निर्णय चुकला तर उद्या त्याच जंगलात त्यांना जायचं असतं. जीर्णोद्धाराच्या बैठकीत बहुधा वर्गणी देणाऱ्याचा शब्द चालतो, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत जातो. राईतल्या झऱ्यावर हंडा भरणारी बाई त्या बैठकीत नसते.