घरातले पत्ते

घरातील यंत्रांचे पत्ते मनास येतील तसे घेऊ नयेत. १९९६ साली ठरलेल्या संकेतानुसार १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेविले आहेत. हे पत्ते उंबरठ्याबाहेर चालत नाहीत. म्हणून घरोघरी तेच असले तरी बिघडत नाही.

अडचण येते ती दोन घरे जोडताना. मुलगा पुण्यात, आई गावी. तिच्या घरचा कॅमेरा त्याला पाहावयाचा आहे. दोन्हीकडे १९२.१६८.१ हाच आरंभ असेल, तर त्याचा संगणक कॅमेऱ्याला स्वतःच्याच घरात हाका मारीत बसतो. राउटरकडे निरोप जातच नाही. तेव्हा एका घराचा तिसरा आकडा निराळा, समजा ८७, घ्यावा. आणि तो पहिल्याच दिवशी घ्यावा.