दारू सोडायची, पण मिटिंगला जायचे कसे?

‘मिटिंगला गेलो अन् गावातलं कोणी दिसलं तर?’ दारू सोडू पाहणाऱ्याला ही लाज फार छळते. (गुत्त्यावर बसताना ती आठवत नाही, ही गोष्ट वेगळी!) पण तिथे भेटणारा ओळखीचाही त्याच दुखण्यासाठी आलेला असतो. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ अर्थात ए.ए.च्या सभेत आडनाव, जात विचारत नाहीत. फी नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच अट. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. ‘बंद’ सभेत फक्त मद्यपी बसतात. ‘खुल्या’ सभेला घरचेही येऊ शकतात. तरीही संकोच वाटल्यास अमरावतीकराने अकोल्यात चौकशी करावी, अकोलेकराने अमरावतीत.

रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र एकाएकी दारू बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात कापणे, झटके, भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. आधी जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांना दाखवावे. गटाची माहितीही तिथे विचारावी. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

नवरा तयार नसेल तरी पत्नीने थांबू नये. नातेवाइकांसाठी ‘अल-ॲनॉन’चे गट वेगळे असतात.