लोणावळ्याचा ‘ळ’ आणि बोटाची रेघ

लोणावळा या नावात ‘ण’ आहे आणि ‘ळ’ही आहे. रोमन लिपीत ते लिहिले, की दोन्ही वर्ण हरवतात. मावळ, मळवली, खंडाळा या शेजारच्या नावांचीही तीच गत. स्थानकाच्या फलकावर देवनागरी नाव शेजारीच असल्याने प्रवाशाची फसगत होत नाही. परंतु मोबाइलवरच्या रोमन मराठीत ‘काल’ आणि ‘काळ’, ‘वात’ आणि ‘वाट’ एकसारखेच दिसतात. अर्थ वाचणाऱ्याने ताडून घ्यावयाचा!

याचा सारा दोष तरुणांच्या आळसावर ढकलणे न्याय्य नाही. इंग्रजीची २६ अक्षरे लहानशा पडद्यावर सहज मावतात. मराठीत स्वर, व्यंजने, मात्रा आणि जोडाक्षरे यांचा मोठा परिवार आहे. भारतीय लिप्यांसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेली ‘इन्स्क्रिप्ट’ ही कळफलकाची रचना शास्त्रशुद्ध खरी. पण ती संगणकावर चालणाऱ्या दहा बोटांसाठी होती. मोबाइलवर बहुधा एकटा अंगठाच राबतो.

कळ दाबण्याऐवजी बोट सरकवून लिहिण्याची कल्पना यातूनच महत्त्वाची ठरते. इंग्रजीसाठी निघालेल्या ‘स्वाइप’ या पद्धतीत बोट न उचलता शब्दातील अक्षरांवरून रेघ ओढावयाची आणि यंत्राने कोशाच्या आधारे शब्द ओळखावयाचा. मराठीत मात्र एकाच ‘घर’ शब्दाची घराला, घरातून, घरातल्यांनाही अशी कितीतरी रूपे होतात. तेथे कोशाधारित अंदाजाची कसोटी लागते.

मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग शोधला. २०१३ च्या सुमारास उपलब्ध झालेल्या ‘स्वरचक्र’ या कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली होती. ‘क’वर बोट ठेवताच भोवती का, कि, की, कु यांचे चक्र उमटे, हव्या त्या दिशेला बोट सरकवले, की अक्षर तयार. ‘क्’ निवडला, तर पुढची जोडाक्षरे कळांवरच दिसत. म्हणजे शाळेत पाठ केलेली बाराखडीच येथे कामी आली. नवी विद्या शिकावी लागली नाही.

ही युक्ती दिसते तितकी नवी नाही. मावळातील भाजे, बेडसे आणि कार्ले येथील लेण्यांत ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले. ब्राह्मीत मूळ व्यंजन तेच राहते आणि त्याला जोडलेली चिमुकली रेघ स्वर सांगते. उकाराची रेघ पायाशी, काना आणि वेलांटी माथ्याकडे, एकार डावीकडे. कोरक्याची छिन्नी ज्या न्यायाने वळली, त्याच न्यायाने आजचे बोट वळते. व्यंजन आणि स्वर यांचे हे नाते आपल्या लिपीचे मर्मच होय.

यावर कोणी म्हणेल, आता बोलले तरी यंत्र लिहिते आणि रोमन अक्षरांचे देवनागरीही करून देते. मग हा खटाटोप कशाला? सोयी उपयुक्त आहेत, यात शंका नाही. परंतु पुण्याकडे निघालेल्या गर्दीच्या लोकलमध्ये किंवा कचेरीतील टेबलाशी खाजगी मजकूर मोठ्याने सांगता येत नाही. आणि प्रत्येक मराठी शब्द आधी रोमनमध्ये मनात जुळवावा लागला, तर ऱ्हस्व-दीर्घाची जाण कशी टिकावी?

अमुकच कळफलक सर्वांनी वापरावा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र कळफलकाने लिपीच्या स्वभावाप्रमाणे वागावे, ही अपेक्षा रास्त आहे. शिक्षकांनी मराठीचा एखादा तास मोबाइलवरील देवनागरी लेखनाला द्यावा. कचेऱ्यांनी आपसांतील निरोप देवनागरीत पाठविण्याचा प्रघात पाडावा. मागणी दिसली, तरच यंत्रे बनविणारे लक्ष देतात. लोणावळ्याचा ‘ळ’ टिकवावयाचा, तर तो रोज लिहिला गेला पाहिजे.