रस्ता आणि आपण (भाग ७) : मागच्या सीटचा बेल्ट

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी पांढरकवड्याहून वडकीकडे निघालो होतो. गाडी मी चालवत होतो, शेजारी काका, मागे काकू, चुलतभाऊ आणि त्याची मुलगी. "काकू, बेल्ट लावून घ्या," म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मागं बसणाऱ्याले कायचा बेल्ट रे बाप्पा? पोलीस तं समोरच पाहते." चुलतभाऊ तरी शोधू लागला, पण बकल सापडेना. दुकानातून बसवून घेतलेल्या रेक्झिनच्या सीट कव्हरखाली तिन्ही बकलं दबून गेली होती. शेवटी ब्लेडने कव्हरला चीर पाडली. आधी शेंगांची टरफलं निघाली, मग पाचाचं नाणं आणि मग बकल. गाडी चार वर्षांची. इतक्या वर्षांत मागचा बेल्ट एकदाही कुणी लावला नव्हता.

कायदा मागच्यांनाही लागू आहे. पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट लावलाच पाहिजे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर न लावल्याचा दंड 1000 रुपये आहे. पण काकूंचं खरं म्हणणं वेगळं होतं. मागची जागा सुरक्षित, असं त्यांना मनापासून वाटतं, आणि आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं.

ताशी 72 किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला 20 मीटर. त्या वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जागीच थांबली, तर आत मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. हा धक्का साधारण 20 मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून पडण्याइतका असतो. समोरची सीट हाताने धरून तो पेलता येत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. त्या एकाच वर्षात देशभरात बेल्ट न लावल्यामुळे 16,715 माणसं दगावल्याची केंद्र सरकारच्या अहवालात नोंद आहे, आणि त्यांतले जवळपास निम्मे प्रवासी होते.

मला मात्र सगळ्यात जास्त हलवून गेलं ते जपानमधलं एक संशोधन. 2002 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. संशोधकांनी प्रश्न विचारला तो मागच्या माणसाबद्दल नव्हे, पुढच्याबद्दल. पुढच्याने बेल्ट लावला आहे, पण मागचा मोकळा बसला आहे, अशा गाडीत पुढच्याचं काय होतं? त्याच्या मृत्यूचा धोका जवळजवळ पाचपट होतो. मागचं साठ-सत्तर किलोचं शरीर सीटसकट त्याच्यावर येऊन आदळतं. "माझा जीव, माझी मर्जी" हे वाक्य मी वणीपासून उमरखेडपर्यंत ऐकलं आहे. पण काकूंचा न लावलेला बेल्ट काकांच्या जिवावर बेतू शकतो.

आता दुसरी बाजू. बेल्ट लावला की माणूस निर्धास्त होऊन जोरात गाडी हाकतो, अशी शंका शिकागो विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 मध्ये मांडली. गाडीतल्यांचे जीव वाचतात, पण त्या वाढलेल्या वेगाची किंमत रस्त्याने चालणारे मोजतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून मोठा वाद पेटला. 1988 मध्ये अमेरिकेत स्ट्रेफ आणि गेलर यांनी लोकांना छोट्या गो-कार्ट गाड्या चालवायला दिल्या. बेल्ट लावणारा गट आणि न लावणारा गट यांच्या वेगात फरक दिसला नाही. पण आधी बेल्टशिवाय चालवून मग ज्यांना बेल्ट लावायला दिला, त्यांनी वेग वाढवला. नेदरलँड्समध्ये यानसेन यांनाही 1994 मध्ये, कधीच बेल्ट न लावणाऱ्यांना तो लावायला लावल्यावर, तसाच कल दिसला. पुढे 2003 मध्ये अल्मा कोहेन आणि लिरान आयनाव यांनी अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी तपासली. बेल्टमुळे मृत्यू कमी होतात हे नक्की ठरलं, आणि बाहेरच्यांचे मृत्यू त्यामुळे वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

म्हणून बेल्ट काढून टाकण्याला या संशोधनात कुठेच आधार नाही. तरीही पेल्ट्झमन यांचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात मी सोडून देणार नाही. अमेरिकेच्या महामार्गावर पायी चालणारा माणूस विरळा. आपल्या 44 नंबरच्या महामार्गाला करंजीजवळ वणीकडचा रस्ता येऊन मिळतो. तिथे कोळशाचे ट्रक असतात, कापसाच्या गाड्या असतात, तीन-तीन जण बसलेल्या मोटरसायकली असतात, आणि दिवस मावळताना कापूस वेचून घरी परतणाऱ्या बायांची रांग असते. त्यांच्या अंगावर ना बेल्ट, ना पत्रा. नव्याने बेल्टची सवय लागलेल्या ड्रायव्हरचा काटा पाच-दहाने जरी पुढे सरकला, तरी तो त्यांच्याच अंगावर जातो.

त्या दिवशी मागून तीन वेळा टक् टक् टक् आवाज आला आणि मला फार बरं वाटलं. आता सगळे बांधलेले आहेत, काळजी नाही. थोड्या वेळाने काका म्हणाले, "हळू घे रे, करंजी आली." काट्याकडे पाहिलं, तर तो शंभरच्या पुढे होता. नेहमी मी त्या टप्प्यात ऐंशीच्या वर जात नाही. वेग कधी वाढवला, ते माझं मलाच कळलं नव्हतं. पाय काढला. फाट्यावर गाडी चाळीसवर आली तेव्हा उजव्या हाताला सात-आठ बाया रस्ता ओलांडायला थांबल्या होत्या, कमरेला कापसाने फुगलेल्या ओट्या तशाच. मी गाडी थांबवली. त्या गेल्या, शेवटची एक म्हातारी सावकाश, दुसरीचा हात धरून.

(पुढच्या आठवड्यात : काळी-पिवळीच्या टपावरून शाळेत जाणारी मुलं)